बालविकास आणि मानसशास्त्र घेऊन पदवी करायची आहे? मग ही तयारी करा

‘मला लहान मुलं फार आवडतात’ असं सांगत बरेच जण या विषयाकडे वळतात. कारण वाईट नाही, पण तेवढ्यावर पदवी निभत नाही. या अभ्यासातला बराचसा वेळ मुलांच्या सहवासात जातच नाही. तो जातो मुलांविषयी गोळा केलेल्या पुराव्यांच्या सहवासात: रिसर्च पेपर, आलेख, निरीक्षणाचे व्हिडिओ, नोंदवह्या आणि हो, संख्याशास्त्र. ‘हे मूल असं का वागतंय?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. ‘आणि हे आपल्याला कळलं कशावरून?’ हा पुढचा प्रश्न ज्याला पडतो, त्याला हा विषय मानवतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच आहेत.

पहिली पायरी: पदवीचं नाव बाजूला ठेवा, पेपरांची यादी वाचा

मुलांच्या वाढीचा अभ्यास विद्यापीठांत निरनिराळ्या विभागांत विखुरलेला असतो. कुठे तो मानसशास्त्र विभागात असतो, कुठे मानवविकास किंवा कुटुंब अभ्यास या नावाखाली, तर कुठे शिक्षणशास्त्रात. नावं सारखी वाटली तरी आतला मजकूर वेगळा निघतो. मानसशास्त्र विभागात प्रयोग, सिद्धांत आणि आकडेमोड यांवर भर असतो, आणि बालपण हा अनेक पेपरांपैकी एक असतो. बालविकासाच्या पदवीत मूल केंद्रस्थानी असतं. तिथे आरोग्य, पोषण, कुटुंब, बालवाडीचं नियोजन आणि प्रत्यक्ष मुलांसोबतचे तास जास्त. शिक्षणशास्त्रात वर्गात उभं राहण्याची तयारी होते.

यादी हातात आली की चार गोष्टी बघा. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राचे पेपर किती आहेत. प्रत्यक्ष निरीक्षणासाठी विभागाची स्वतःची बालवाडी किंवा एखाद्या संस्थेशी ठरलेली व्यवस्था आहे का. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पुढे जे करायचं आहे त्याला ही पदवी चालते का.

हे शेवटचं लोक उशिरा बघतात. समुपदेशन किंवा चिकित्सा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अनेकदा अट असते की पदवीत मानसशास्त्राचे अमुक इतके पेपर झालेले हवेत. बालविकासाची पदवी उत्तम गुणांनी मिळवली तरी ती अट पूर्ण होईलच असं नाही. म्हणून उलट्या दिशेने चाला: मनात असलेला पुढचा अभ्यासक्रम शोधा, त्याच्या प्रवेशाच्या अटी वाचा, आणि मग पदवीतले ऐच्छिक पेपर निवडा.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. नुसत्या पदवीवर सहसा ‘बालमानसशास्त्रज्ञ’ होता येत नाही. मुलांची मानसशास्त्रीय तपासणी, निदान आणि उपचार यांसाठी बहुतेक ठिकाणी पुढची पदवी, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालचं काम आणि नोंदणी किंवा परवाना लागतो. बालमनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर वाटच निराळी, तिथे आधी वैद्यकीय पदवी.

दुसरी पायरी: पहिल्या सेमिस्टरचा नकाशा समजून घ्या

सुरुवातीचे पेपर साधारण सगळीकडे एकाच साच्यात असतात. वाढीचे प्रवाह पाडलेले असतात: शारीरिक आणि कारक (म्हणजे हालचालींची), बोधात्मक (विचार करण्याची, समजून घेण्याची), भाषिक, सामाजिक-भावनिक. दुसऱ्या बाजूने वयाचे टप्पे असतात, गर्भावस्थेपासून किशोरवयापर्यंत. या दोन्हींच्या चौकटीत सगळा मजकूर बसवलेला असतो. परीक्षेसाठी ही चौकट सोयीची आहे, पण खरं मूल एका वेळी एका प्रवाहात वाढत नाही. चालायला लागलेलं मूल नव्या वस्तूंपर्यंत पोचतं, त्या आणून दाखवतं, त्यावर मोठी माणसं बोलतात. पायांतला बदल असा भाषेपर्यंत जातो. हे दुवे तुम्हीच समासात लिहीत जा.

वयाचे आकडे पाठ करताना जरा जपून. ‘मूल एका वर्षाचं झालं की चालतं’ हे वाक्य घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत मुलांच्या वाढीचा मोठा अभ्यास केला. २००६ साली त्यातून कारक विकासाचे जे कालावधी प्रसिद्ध झाले, त्यांत आधाराशिवाय चालण्याचा कालावधी ८.२ ते १७.६ महिने असा आहे. म्हणजे दोन टोकांत नऊ महिन्यांहून जास्त अंतर, आणि दोन्ही टोकांची मुलं निरोगी. काही मुलं तर हात आणि गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. तेव्हा टप्पा लिहिताना नेहमी ‘अमुक ते तमुक’ असं लिहायची सवय लावा. नुसती सरासरी लिहिली की ती लवकरच फूटपट्टी बनते.

तिसरी पायरी: बघायला शिका

माझ्या मते या पदवीतून पदरात पडणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे निरीक्षण. आणि तेच सगळ्यात कमी गांभीर्याने केलं जातं. जर्नल भरायचं म्हणून आदल्या रात्री बसून लिहिलेली निरीक्षणं शिक्षकांना पहिल्या ओळीत ओळखू येतात, कारण त्यांत विशेषणंच विशेषणं असतात.

नवखा विद्यार्थी अशी नोंद करतो: ‘मूल अ हट्टी आहे. त्याला वस्तू वाटून घेणं आवडत नाही.’

तोच प्रसंग नीट बघितलेला असेल तर नोंद अशी होते: ‘१०.१२. अ ठोकळ्यांच्या टोपलीजवळ बसलेलं. ब जवळ येतं, निळा ठोकळा उचलतं. अ ठोकळ्याकडे बघतं, मग ब च्या चेहऱ्याकडे. हात पुढे करतं, बोलत नाही. ब ठोकळा पाठीमागे नेतं. अ दोन्ही हातांनी टोपली स्वतःकडे ओढतं आणि ताईंकडे बघतं. १०.१३. ताई दुसऱ्या मुलाशी बोलत आहेत. अ टोपली सोडतं.’

दुसऱ्या नोंदीत ‘हट्टी’ कुठेच नाही, पण विचारायला कितीतरी आहे. हात पुढे केला तो मागण्यासाठी की अडवण्यासाठी? ताईंकडे का बघितलं? मदत हवी होती की परवानगी? त्यांचं लक्ष नाही म्हटल्यावर टोपली का सोडली? पहिल्या नोंदीने हे सगळे प्रश्न दार उघडायच्या आतच बंद केले होते.

सराव असा करा. वहीच्या पानाचे उभे दोन भाग पाडा. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते, क्रियापदांत. उजवीकडे तुमचा अंदाज, आणि तोही घरी आल्यावर. मुलाचं खरं नाव कुठेही नको. सुरुवातीला एका वेळी एकच मूल आणि दहा मिनिटं पुरे, त्यापुढे नजर थकते आणि आपण बघण्याऐवजी आठवायला लागतो. खाली बसा, मुलांच्या उंचीवर. मुलं पहिल्यांदा येऊन विचारतील ‘तू काय लिहितेस?’ तेव्हा खरं सांगा, ‘तुम्ही कसे खेळता ते लिहितेय.’ थोड्या वेळात त्यांना तुमचा कंटाळा येतो, आणि मग खरं निरीक्षण सुरू होतं.

हे जमलं की पुढचे प्रकार सोपे जातात. ठरावीक सेकंदांनी एकदा बघून खूण करायची, किंवा एखादं वागणं (समजा, भांडण) घडलं की तेवढंच सविस्तर टिपायचं. दोघांनी एकाच मुलाची स्वतंत्र नोंद करून ताडून बघा. सुरुवातीला दोघांचं इतकं कमी जुळतं की हसू येतं, आणि मग ‘आक्रमक वर्तन’ म्हणजे नेमकं काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं याची खात्री पटते.

चौथी पायरी: प्रयोगाची युक्ती समजून घ्या, निष्कर्ष नंतर

सहा महिन्यांच्या बाळाला प्रश्न विचारता येत नाही. मग त्याला काय कळतं हे संशोधक सांगतात कसं? इथे हा विषय खरोखर चतुर आहे. बाळ कशाकडे किती वेळ बघतं, तेच तेच दाखवल्यावर केव्हा कंटाळतं, नवं आल्यावर पुन्हा केव्हा टवकारतं, यावरून उत्तर काढतात.

एक उदाहरण मराठी वाचकाला चटकन कळेल. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ यांसारखे आवाज ऐकवले. इंग्रजीत हा फरक अर्थ बदलत नाही. बाळाला आधी सवय लावली होती: एकच आवाज येत राहतो, तो बदलला आणि मान वळवली तर बाजूचं खेळणं उजळतं आणि हलतं. आता आवाज बदलल्यावर बाळ मान वळवतं का, एवढंच मोजायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. वाढ म्हणजे दरवेळी नवं काही मिळवणंच असतं असं नाही. भोवतालच्या भाषेत जे लागत नाही ते बाजूला पडणं हीसुद्धा वाढच.

असा प्रयोग वाचताना निष्कर्षाच्या ओळीवर उडी मारू नका. आधी स्वतःला विचारा, बाळाने प्रत्यक्षात काय केलं? त्याने मान वळवली. ‘बाळाला कळलं’ हा संशोधकाचा अर्थ आहे. तो बरोबर असू शकतो, पण तो अर्थ आहे. निरीक्षणाच्या वहीतला डावा-उजवा भाग इथेही तसाच लागू होतो.

पाचवी पायरी: सिद्धांत वाचा, पण त्यांचं पुढे काय झालं तेही वाचा

पियाजे, व्हायगॉट्स्की, एरिक्सन, बोल्बी, ब्रॉनफेनब्रेनर ही सिद्धांत मांडणाऱ्यांची नावं पहिल्याच वर्षी अंगावर येतात. तक्ते पाठ करून गुण मिळतात, तेवढे मिळवा. पण प्रत्येक सिद्धांतासाठी एक पान राखून ठेवा आणि त्यावर लिहा: दावा काय होता, कोणत्या मुलांकडे बघून केला, पुढे आक्षेप कोणते आले, आणि आज त्यातलं काय टिकून आहे.

पियाजेंचंच पान भरून बघू. मुलांसाठीच्या चाचण्यांवर काम करत असताना त्यांना बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांत रस वाटला, कारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. पुढे स्वतःच्या तीन मुलांच्या बारीक नोंदी त्यांनी ठेवल्या. त्यांचा गाजलेला प्रयोग असा: नाण्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या, मग एक रांग पसरून लांब करायची आणि विचारायचं, ‘आता दोन्हींत सारखी आहेत की एकीत जास्त?’ चार-पाच वर्षांची बरीच मुलं सांगतात, लांब रांगेत जास्त. यावरून त्यांना संख्येची अक्षयता, म्हणजे मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे, कळत नाही असा निष्कर्ष निघाला.

मग १९७० च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एवढंच बदललं की रांग प्रयोगकर्त्याने नव्हे, एका ‘खोडकर’ अस्वलाच्या बाहुल्याने विस्कटली. बरोबर उत्तर देणारी मुलं कितीतरी वाढली. मूल फक्त नाणी बघत नव्हतं, माणूसही बघत होतं. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी केलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, म्हणजे उत्तर बदलायला हवं असणार! मुलाचा तर्क काही वाईट नाही. वर्गात एकच प्रश्न दोनदा विचारला गेला की मोठेही पहिलं उत्तर बदलतात.

म्हणून पियाजे खोटे ठरले का? नाही. मुलं विचार करताना मोठ्यांची छोटी आवृत्ती नसतात, ही त्यांची मुख्य गोष्ट टिकली. कोणत्या वयात काय जमतं याचे आकडे मात्र सैल झाले.

असंच पान बाळ आणि आई यांच्यातल्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या मेरी एन्सवर्थ यांचं करा. प्रयोगशाळेतला वीसेक मिनिटांचा ‘अनोळखी परिस्थिती’चा प्रयोग सगळे सांगतात: आई खोलीबाहेर जाते, परत येते, बाळ काय करतं बघायचं. त्यामागे युगांडातली आणि नंतर बाल्टिमोरमधली, घरोघरी जाऊन केलेली लांबलचक निरीक्षणं होती हे सांगायचं राहून जातं. आणि जपानमध्ये तोच प्रयोग केला तेव्हा आईपासून क्वचितच दूर राहिलेली बाळं इतकी रडली, की त्यांच्या रडण्याचा ‘आईशी असलेलं नातं असुरक्षित’ असाच अर्थ लावावा का, हा वाद उभा राहिला.

समोरचा गोड पदार्थ न खाता थांबलेली मुलं पुढे यशस्वी होतात, हा किस्साही याच पानांत टाका. २०१८ साली जास्त मुलांवर आणि विविध घरांतल्या मुलांवर तो ताडून पाहिला, तेव्हा संबंध बराच क्षीण निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी घटला.

सहावी पायरी: संख्याशास्त्र ढकलत नेऊ नका

हा पेपर शेवटच्या वर्षापर्यंत टाळणारे पुढे दुहेरी त्रासात पडतात, कारण तोवर प्रोजेक्टही अंगावर आलेला असतो. गणित कच्चं असेल तरी घाबरण्यासारखं फार नसतं. सूत्रं आता संगणक सोडवतो. एसपीएसएस किंवा आर, यांतलं एक सॉफ्टवेअर नीट शिका. खरी कसोटी विचारांची असते. घरात पुस्तकं जास्त असलेल्या मुलांचा शब्दसंग्रह मोठा असतो हा सहसंबंध झाला. पुस्तकांमुळे शब्द वाढले, की पुस्तकं घेणारे आईवडील मुळात मुलांशी जास्त बोलतात, की दोन्हींच्या मागे उत्पन्न आहे, हे सहसंबंध सांगत नाही.

याच अडचणीमुळे काही अभ्यास मौल्यवान ठरतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ जणांचा मागोवा अजून घेतला जातोय. रुमानियात बुखारेस्टला, २००० सालापासून, अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी काहींना चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक पद्धतीने, सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत पाठवलं गेलं आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. कारण आणि परिणाम सांगण्याची ताकद त्या निवडीतून आली. नैतिक वादही त्याच निवडीतून आला. वर्गात या अभ्यासावर चर्चा होईल तेव्हा दोन्ही बाजू वाचून जा.

सातवी पायरी: मुलांसमोर जाण्याआधीचे नियम

१९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ या नावाने नोंदलेल्या तान्ह्या बाळाला मोठा आवाज करून पांढऱ्या उंदराची भीती बसवली, आणि ती काढलीही नाही. आज तसं करता येत नाही. संशोधनाला आधी नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती आणि शिवाय मुलाची स्वतःची तयारी लागते. पालकांनी सही केली आणि मूल उठून निघालं, तर काम तिथेच थांबतं. फॉर्म पूर्ण नसला तरी.

इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: मुलाच्या सुरक्षिततेची काळजी वाटली तर कोणाला सांगायचं? एखाद्या मुलाने आपल्यावर अत्याचार होत असल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि ठरलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. तपास करणं तुमचं काम नाही. फोटो आणि किस्से समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, चेहरा झाकूनसुद्धा नाही.

शक्य असेल तर एकाच वयोगटात अडकू नका. तान्ही बाळं, बालवाडी, किशोरवयीन, आणि विशेष गरजा असलेली मुलं, सगळीकडे थोडे थोडे तास घालवा. आपल्याला तीन वर्षांची मुलं झेपत नाहीत पण तेरा वर्षांच्यांशी छान जमतं, हे पुस्तकातून कळत नाही.

शिकता शिकता स्वतःचं बालपणही वर येतं. दुर्लक्ष, घटस्फोट, मृत्यू यांवरचे पेपर कुणाला जड जातात. विद्यापीठात समुपदेशक असेल तर जायला संकोच करू नका. आणि वर्गमित्रांवर, भाच्यापुतण्यांवर निदानांची लेबलं चिकटवणं टाळा. ओळखीचे लोक विचारणारच, ‘आमचा अजून बोलत नाही, तू शिकतेस ना, बघ जरा.’ ‘मी हे सांगू शकत नाही, पण शंका असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा’ हे उत्तर तयार ठेवा. ‘होईल हळूहळू’ म्हणून धीर देणं सोपं असतं, आणि त्यात लवकर मदत मिळण्याचे महिने वाया जातात.

आठवी पायरी: दिशा आणि प्रोजेक्ट

पुढच्या वाटा बऱ्याच आहेत: बालशिक्षण, विशेष शिक्षण, शालेय समुपदेशन, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, रुग्णालयातल्या मुलांसोबतचं काम, धोरण, संशोधन, मुलांसाठीची पुस्तकं आणि कार्यक्रम. त्यांतल्या बहुतेकांना वेगळं प्रशिक्षण लागतं. निम्मी पदवी होईपर्यंत दोन वाटा मनात असल्या तरी पुरे. त्या वाटेवरच्या माणसासोबत एक दिवस घालवू द्या अशी विनंती करा, आणि त्याचा फोनवर, फाइल्सवर, पालकांशी बोलण्यात किती वेळ जातो ते बघा.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट निवडताना सगळ्यांनाच ‘मोबाइलचे मुलांवरील परिणाम’ सुचतं. तो विषय एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातला नाही. लहान करा. ‘चार वर्षांच्या मुलांना एकच गोष्ट एकदा पुस्तकातून आणि एकदा स्क्रीनवर सांगितली, तर मोठी माणसं मध्ये किती प्रश्न विचारतात?’ हे मोजता येतं, थोड्या कुटुंबांत करता येतं, आणि त्यातून खरंच काही कळतं. समितीची मंजुरी, संस्थेची परवानगी, पालकांच्या सह्या यांना आठवडे लागतात, आणि मध्येच मुलं आजारी पडतात, सुट्ट्या लागतात. म्हणून गाइडकडे विषयाचं एक पान आदल्या सेमिस्टरच्या शेवटीच घेऊन जा, आणि हवी आहेत त्याहून जास्त कुटुंबांची नावं यादीत धरून ठेवा.